दाजी आणि बिनचावीची गाडी

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर लोकांच्या वस्तू नापास करत आले. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. कारागिरांनी घाम गाळून केलेला माल यांच्या टेबलावर यायचा, हे भिंग लावून बघायचे आणि लाल शिक्का मारायचे. स्वतः एक स्क्रू कधी पिळला नाही. पण दुसऱ्याने पिळलेला स्क्रू वाकडा आहे हे सांगायला कोणीतरी लागतंच, आणि त्या कामाला यांच्याइतका लायक माणूस शोधूनही सापडला नसता. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही त्यांनी चार दिवसांत नापास करून माळ्यावर टाकलं.

नोकरी सुटली, शिक्का गेला, हाताची खोड मात्र गेली नाही. मग भाजीतलं मीठ, पडद्याची शिवण, शेजाऱ्याने बसवलेली पाण्याची टाकी, माझी नोकरी, माझं लग्न न करणं, सगळ्यावर शिक्के पडायला लागले. ताई ऐकून घेते. मी घेत नाही. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारींचे फोन उचलते. दिवसभर पुरुषमंडळी मला सांगत असतात की मशीन बिघडलंय, आणि दिवसभर मी विचारत असते, ‘साहेब, प्लग लावलाय का?’ त्यामुळे दाजींच्या जातीची मला सवय आहे. कौतुक मुळीच नाही.

त्यांच्या गाडीची गोष्ट सांगायची तर आधी त्यांच्या जुन्या गाडीची सांगायला हवी. ती होती पांढरी, बुटकी, खोकत चालणारी. तिची चावी दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली असायची. ज्याला लागेल त्याने घ्यावी आणि जावं. बहुतेक वेळा ताईलाच लागायची. ताई तेव्हा इस्पितळात परिचारिका होती. मुलांना शाळेत सोडायचं, तिथून ड्यूटीला जायचं, येताना किराणा आणायचा, सगळं त्याच गाडीतून. माझी ताई गाडी अशी चालवायची की मागच्या सीटवर झोपलेलं मूल जागं होत नसे. पुढे तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ताईने नोकरी सोडली. सासूबाई गेल्या, मुलं मोठी होऊन दूरदेशी गेली, आणि ताई घरातच राहून गेली.

मग दाजींनी ही मोठी गाडी घेतली. वापरलेलीच, वयानेही बरीच, पण एके काळी श्रीमंतांच्या दारात उभी राहिलेली. हिला चावी फिरवावी लागत नाही. चावी नुसती खिशात ठेवायची, ब्रेकवर पाय द्यायचा, बटण दाबायचं, की इंजिन सुरू. गाडी खिशातली चावी आपली आपण ओळखते. दाजींना या गोष्टीचं इतकं अप्रूप, की घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी बटण दाखवायचे.

‘ही चावी काही खिळ्याला लटकवायची वस्तू नाही. इलेक्ट्रॉनिक आहे,’ असं म्हणून त्यांनी एक चावी खिशात टाकली आणि दुसरी कपाटात कुलूप लावून ठेवली. खिळा रिकामा झाला. ताईला गाडी चालवू नकोस असं त्या घरात कोणीही, कधीही म्हटलं नाही. चावीच डोळ्यांना दिसेना, तर बाई मागणार तरी काय? दाजी चालवायचे, ती शेजारी बसायची. बघता बघता ती शेजारी बसणारीच झाली.

या गोष्टीला बराच काळ लोटल्यावर एक दिवस ताईचा मला फोन आला. आवाज असा की आधी मला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं.

‘अगं, रुग्णांच्या घरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या त्या संस्थेला मी अर्ज केला होता ना? त्यांनी बोलावलंय! मेट्रनबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, कामाचं आम्हाला ठाऊक आहे, फक्त गाडी चालवता आली पाहिजे. दिवसभर घरोघरी जायचं असतं ना. स्वतःची गाडी घेऊन या आणि चालवून दाखवा.’

‘आणि दाजी?’

‘ते काय म्हणणार? घेऊन जा की, म्हणाले. गाडी काय माझ्या एकट्याची आहे?’

मी चाटच पडले. दाजींच्या तोंडून असं वाक्य येणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं.

‘मला परत कोणाच्या तरी उपयोगी पडायचंय गं,’ ताई म्हणाली. ‘घरात बसून बसून मला गंज चढलाय. हे नाही झालं ना, तर मग माझं काही होणार नाही. या वयाच्या बाईला पुन्हा कोण बोलावतंय?’

आणि नेमकी त्याच सुमाराला गाडी बिघडली.

बिघाड असा. सकाळी बटण दाबावं, तर इंजिन मुकं. समोरच्या छोट्या पडद्यावर मंद अक्षरं उमटायची, ‘चावी सापडत नाही’, आणि तीही विझायची. चावी तर दाजींच्या खिशात. समोर एक दंतवैद्य राहतात, भला माणूस. त्यांनी आपली गाडी आडवी लावून, वायर जोडून दाजींची गाडी सुरू करून दिली. ती मग दिवसभर शहाण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

‘बॅटरी उतरतेय,’ दंतवैद्य म्हणाले. कोणीही हेच म्हणालं असतं.

‘अशक्य,’ दाजी म्हणाले. ‘बॅटरी नवी आहे. मी स्वतः निवडून आणलीय.’

संपलं! दाजींनी निवडलेली वस्तू नापास होऊच शकत नाही, म्हणजे दोष दुसऱ्या कोणाचा तरी असणार. गाडी स्वतः सांगतेय की चावी सापडत नाही, तर चावीचंच काहीतरी आहे, असा निकाल देऊन त्यांनी तपास हाती घेतला.

हा तपास मी फोनवरून ऐकला आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिला. असा तमाशा कोण चुकवणार? पहिल्यांदा त्यांनी चावीतला गोल सेल बदलला. मग दुसऱ्या कंपनीचा बदलला. मग सेल बसतो ती जागा कापसाने पुसली. मग चावी बटणाला टेकवून पाहिली, कारण कुठल्यातरी व्हिडिओत कोणीतरी तसं करत होता. मग त्यांना शोध लागला की मोबाइलमुळे चावीचा सिग्नल अडतो. म्हणून सगळ्यांचे मोबाइल घरातल्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. माझाही घेतला. आम्ही अंगणात उभ्या, आणि दाजी चावी हातात उंच धरून गाडीभोवती फिरतायत, मध्येच वाकतायत, मध्येच टाचा उंचावतायत, माशी हाकलावी तसे.

‘इथे पकडतेय बहुतेक,’ डिकीपाशी थांबून ते म्हणाले.

‘मग तिथेच बसून चालवा,’ मी म्हटलं.

‘तुला यातलं काही कळत नाही.’

मोबाइलवरून ते दंतवैद्यांच्या इंटरनेटवर घसरले. तुमच्या यंत्राच्या लहरी आमच्या गाडीत शिरतात, रात्री बंद ठेवत जा, असं त्या माणसाला जाऊन सांगितलं. ज्याच्या वायरीवर यांची गाडी रोज सकाळी जिवंत होते, त्याच्याच घरात जाऊन! दंतवैद्यांनी त्या दिवसापासून वायर द्यायचं बंद केलं. ‘मी लोकांचे दात काढू की रोज तुमची गाडी उठवू?’ एवढंच म्हणाले. कोणी झालं तरी तेच म्हणालं असतं. मग दाजी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालातरी अडवून गाडी सुरू करून घ्यायला लागले.

मधल्या काळात ताई दोनदा म्हणाली, ‘अहो, एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखवा ना.’ त्यावर दाजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि एक दिवस बसने शहरात जाऊन आले. आणखी एक सेल घेऊन.

त्यानंतर तर कहरच केला. थंडीने चावी झोपते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. चावी रात्री गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायला लागले. सकाळी काखेत धरून गाडीपर्यंत न्यायचे. साठी ओलांडलेला बाप्या, अंगात स्वेटर, एक हात काखेत घट्ट दाबलेला, अशा अवतारात अंगण ओलांडतोय, आणि समोरच्या गच्चीतून दंतवैद्यांची बायको तोंडाला पदर लावून बघतेय. ताईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडे तेव्हापासून कुठलंही मशीन बंद पडलं की ‘काखेत धरा’ असं म्हणायची पद्धतच पडली.

ताई मात्र हसत नव्हती. गाडी चालवून दाखवायची तारीख जवळ येत होती.

‘दुसऱ्या कोणाची गाडी घेऊन जा,’ मी म्हटलं.

‘स्वतःची हवी म्हणाल्यात. रोज नेता येईल अशी.’

‘तारीख पुढे ढकलून माग.’

‘मागितली. आणखी दोघी जणी रांगेत आहेत म्हणाल्या.’

म्हणून मी आदल्या दिवशीच तिच्याकडे राहायला गेले. संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. त्या खिडकीखाली घराची बाजूची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये गाडीची जागा आहे. ‘गाडी नेहमी निघायच्या तोंडाने लावावी’ हा दाजींचा नियम, त्यामुळे गाडीची पाठ कायम कुंपणाला टेकलेली. मागून गाडी कशी दिसते हे बघायला तिथे मांजरसुद्धा शिरत नाही.

‘बघ,’ ताई म्हणाली, ‘भिंत पुन्हा लाल झाली.’

मी वाकून बघितलं. कुंपणाच्या भिंतीवर गाडीमागे दोन लाल डाग पडले होते. थांबताना मागच्याला दिसावेत म्हणून जे लाल दिवे लागतात, त्यांचा उजेड. ते दिवे ब्रेकवर पाय दिला तरच लागतात. आणि दाजी तर बाहेरच्या खोलीत पाय पसरून बातम्या बघत होते.

‘हे रोज असतं?’

‘बरेच दिवस झाले. यांना सांगितलं मी.’

मी तरातरा बाहेर गेले. ‘दाजी, गाडीत कोणी बसलंय का? ब्रेकचे दिवे चालू आहेत.’

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. ‘मावळतीचा उजेड आहे तो. काचेवरून भिंतीवर पडतो.’

‘सूर्य जाऊन तास झाला!’

‘बरं मग, असू दे दिवे चालू. दिव्याचा आणि चावीचा काय संबंध?’

पालथ्या घड्यावर पाणी! मी परत येऊन ताईला म्हटलं, दिवे रात्रभर चालू राहिले तर कसलीही बॅटरी सकाळपर्यंत उतरणारच, एवढं माझ्या ऑफिसातल्या शिपायाला कळतं. चावीबिवी सगळं थोतांड. बॅटरी मेली की गाडीला चावी काय आणि मालक काय, काहीच ओळखू येणार नाही. चल, आत्ताच बघू. पण चावी दाजींच्या खिशात, आणि दाजी म्हणाले, अंधारात गाडी उघडायची नाही, उद्या सकाळी मी स्वतः बघतो.

सकाळ झाली. ताई आवरून तयार. साडी नाही, पंजाबी ड्रेस, कारण गाडी चालवायची होती. खांद्याला जुनी इस्पितळातली बॅग. दाजींनी आमच्या देखत बटण दाबलं. इंजिन मुकं. पडद्यावर मंद अक्षरं आली आणि गेली.

‘बघितलंस?’ ते ताईला म्हणाले. आवाजात अशी काही माया की मला शिसारी आली. ‘मी तरी काय करणार? नशिबात नसेल. पुढच्या वेळी बघू.’

‘पुढची वेळ नाहीये,’ ताई म्हणाली.

‘मग घे!’ त्यांनी चावी काढून बॉनेटवर आपटली. ‘तूच सुरू करून दाखव. दोघी फार शहाण्या आहात ना!’ आणि फिरायला निघून गेले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती चावी ताईच्या हातात आली.

मी सरळ दंतवैद्यांचं दार वाजवलं. दाजींसाठी नाही, ताईसाठी मागतेय म्हटल्यावर तो देवमाणूस पायजम्यावरच वायर घेऊन आला. इंजिन सुरू झालं. मी कुंपण आणि गाडी यांच्या फटीत शिरले. नवा कोट भिंतीला घासला, पण म्हटलं घासू दे. दोन्ही दिवे लालभडक.

‘ताई, ब्रेकवरचा पाय काढ!’

‘पाय खाली आहे माझा!’

‘तरी लागलेत. पेडल वर ओढून बघ.’

ताईने हाताने ब्रेकचं पेडल वर ओढलं. काही फरक नाही. मग ती सीटवरून उतरली, गुडघे जमिनीला टेकले आणि डोकं पार त्या पेडलांच्या आत घातलं. मी मोबाइलचा दिवा धरला. मी पाहिलंय, ती जखम अशीच बघते. आधी नुसतं बघत राहते, हात मागाहून लावते.

‘इथे पेडलच्या दांड्याला एक भोक आहे,’ आतून आवाज आला. ‘आणि भोकाच्या समोर एक बारीकशी खुंटी. भोकातून आरपार गेलीय.’ तिने बोट लावलं. ‘आता बघ.’

मागून दंतवैद्य ओरडले, ‘विझले!’

‘आता?’

‘लागले!’

सोपं होतं सगळं. पाय काढला की दांडा मागे येऊन ती खुंटी दाबतो आणि दिवे विझतात. त्या भोकात बुचासारखं प्लॅस्टिकचं एक बोंड असतं, खुंटी त्याच्यावर टेकते. गाडी जुनी, बोंड वाळून मोडलं, खुंटी भोकातून पोकळीत गेली, आणि गाडीची समजूत झाली की कोणीतरी अहोरात्र ब्रेकवर पाय देऊन बसलंय. पायाखालच्या चटईवर निळा चुरा पडला होता. ताई म्हणाली, असलाच चुरा मी मागेही झाडून काढला होता, कसल्यातरी झाकणाचा असेल म्हणून.

‘इथे घालायला काहीतरी दे. टणक, एवढंसं,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे नीट बघून माझ्या नव्या कोटाचं वरचं बटण हिसका मारून तोडलं. बटण भोकावर बसवलं, बॅगेतली पट्टीची चिकटपट्टी काढून तीन-चार वेढे दिले, जसे मोडलेल्या बोटाला देतात. दिवे विझले. तिने पाय दिला, लागले. पाय काढला, विझले. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या.

रस्त्यावर पहिली दोन वळणं ताईने गाडी बैलगाडीच्या चालीने नेली. तिसऱ्या वळणावर तिचा हात बसला. मग ती माझ्याकडे न बघता हसली. तिचं असं हसू मी विसरूनच गेले होते.

मेट्रनबाई जाडजूड, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईला चढावर थांबायला लावलं, अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यायला लावली, शेवटी म्हणाल्या, ‘बंद करा आणि पुन्हा सुरू करा.’ मी फाटकापाशी उभी होते. ताईने बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मेट्रनबाई उतरल्या आणि म्हणाल्या, ‘सोमवारी या.’

मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. परत येताना दाजींना काय काय ऐकवायचं याची मी उजळणी करत होते. नाचता येईना अंगण वाकडं, याच्यापासून सुरुवात करून काखेपर्यंत जायचं ठरवलं होतं. ताई म्हणाली, आधी तुझं बटण परत देऊ, खरं बोंड विकत घेऊ. म्हणून शहरातल्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानात थांबलो.

दुकानदाराला ताईने गाडीचं नाव सांगितलं. ब्रेकच्या दांड्यातलं बोंड हवंय, निळं असतं, म्हणाली.

‘पुन्हा मोडलं?’ तो म्हणाला. ‘अलीकडेच तर साहेब घेऊन गेले.’

‘कोण साहेब?’

‘तुमच्याच गाडीवाले. इकडे अशा गाड्या आता राहिल्यात किती! स्वेटर घालतात ते. भिंग घेऊन आले होते. तीन बोंडं बघून नापास केली, म्हणाले कडा साफ नाहीत. चौथं घेतलं.’ तो हसला. ‘पण माणूस हुशार हो. मी म्हटलं गाडी आणा, बघतो काय झालंय ते. तर म्हणाले, बघायचं काही नाही, बोंड मोडलंय, मागचे दिवे चालू राहतात, रात्रीतून बॅटरी उतरते. सगळं त्यांनीच सांगितलं. मी फक्त डबा उघडला.’

मी ताईकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. मी मनातल्या मनात मागे जात होते. दाजी बसने शहरात गेले तो दिवस. सेल घेऊन आले तो दिवस. गरम पाण्याची पिशवी त्याच्या नंतरची. काख त्याच्या नंतरची. मावळतीचा उजेड तर कालचा. म्हणजे त्यांना कळलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी, कोणाच्याही मदतीशिवाय कळलं होतं. कळल्यावर या माणसाने, ज्याला भाजीत मीठ जास्त झालं तरी स्वतःचा अपमान वाटायचा, त्या माणसाने गल्लीसमोर काखेत चावी धरून फिरायचं पत्करलं. आम्ही त्यांना हसत होतो, आणि ते आम्हाला हसू देत होते.

‘एक द्या,’ ताई दुकानदाराला म्हणाली. ‘कडा कशाही असल्या तरी चालतील.’

घरी आलो तर दाजी पायरीवर बसले होते. गाडी ताई चालवत आणतेय हे त्यांनी पाहिलं, आणि काही विचारलं नाही. कशी सुरू झाली, असं निदान विचारायला हवं होतं. ताई उतरली, त्यांच्यासमोर गेली आणि तळहात उघडून ते निळं बोंड दाखवलं.

मी तयारच होते. आता चोराच्या उलट्या बोंबा ऐकायच्या, मग आपण सुरू व्हायचं. पण दाजींनी फक्त त्या बोंडाकडे बघितलं. मग उठून आत गेले आणि दाढीच्या सामानाच्या पेटीतून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात तसलंच बोंड होतं.

‘लावणारच होतो,’ ते म्हणाले. ‘तुझं ते एकदा होऊन गेलं की.’

‘नको म्हणायचं होतं,’ ताई म्हणाली. ‘मला सरळ नको म्हणायचं होतं.’

‘नको कसं म्हणणार? तू म्हणाली असतीस, का नको? मग मी काय सांगणार होतो?’ ते पुन्हा पायरीवर बसले. ‘मला घर खायला उठतं गं. तू आत भांडी जरी वाजवत असलीस ना, तरी बरं वाटतं. तू रोज सकाळी निघून गेलीस की मी दिवसभर कोणाशी बोलू?’

पाठ केलेलं सगळं मी गिळून टाकलं.

ताईने हात तसाच पुढे ठेवला. ‘दुसरी चावी,’ ती म्हणाली. दाजी उठले, कपाटाचं कुलूप काढल्याचा आवाज आला, त्यांनी चावी आणून दिली. ताईने ती बॅगेत टाकली आणि पहिली त्यांना परत दिली. ‘सोमवारपासून मी सकाळी निघणार. दुपारी चहाला येईन. चहा तुम्ही करून ठेवायचा,’ एवढं बोलून ती आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याला दोन्ही हात टेकवून उभी होती, पाठ माझ्याकडे.

‘ताई, नोकरी मिळाली ना?’ मी म्हटलं. ‘झालं तर मग.’

‘इतकी वर्षं तू त्यांना मूर्ख म्हणत आलीस,’ ती म्हणाली. ‘मला राग यायचा. आता म्हण.’

मी उगाच एक भांडं उचलून पुसायला लागले.

‘म्हण ना गं. एकदा म्हण, ते मूर्ख आहेत म्हणून.’ ती वळली, आणि मी पाहिलं, ती खरोखरच मागत होती.

मी वळून चहाचं आधण ठेवलं; सगळ्यांच्या आधी ज्याला कळलं होतं, त्याला मूर्ख कसं म्हणू?